‘रेघा वाकड्या, ठिपका चुकलेला’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही आम्हाला एक तारा दिलात. तुमच्या चुलत बहिणीच्या मनगटावरच्या टॅटूत रेघा सरळ नाहीत, ठिपके लहानमोठे आहेत आणि एक तर ओळ सोडून बाजूला पडलाय, असं तुम्ही लिहिलंय. हिरवट रंग मागितला असताना काळा भरला, मशीन असून हाताने टोचत बसलो, एवढ्याशा कामाला अख्खी दुपार घालवली आणि कळंगुटला हेच निम्म्या पैशांत झालं असतं, हीही तक्रार आहे. शेवटी तुम्ही म्हणता, ‘यातून काही अर्थही निघत नाही, ना फूल ना नाव.’ बहिणीच्या काळजीपोटी लिहिलंय हे कळतंय, म्हणून सविस्तर उत्तर देते. खाली तिच्याबद्दल जे आहे ते तिने आधी वाचलंय आणि तिच्या होकारानेच इथे टाकते आहे.

ते डिझाइन आमचं नाही, कुठल्या कॅटलॉगमधलंही नाही. तिच्या आईच्या आईच्या हातावरचं गोंदण आहे ते. सत्तरीतल्या या आजीला तुम्ही लग्नकार्यात लांबून पाहिलं असेल, पण मनगटभर बांगड्यांखाली काय आहे हे बाहेरच्याला दिसत नाही. बहीण फोटो न आणता आजीलाच दुकानात घेऊन आली. आजीने बांगड्या कोपराकडे सारल्या आणि हात टेबलावरच्या उशीवर ठेवला. म्हातारपणी कातडी सैल होते. अंगठ्याने ताणली की रेघा सरळ दिसतात, सोडली की पुन्हा वळणं घेतात. मी ट्रेसिंग पेपरवर दोन्ही छाप घेतले. ताणून घेतलेला छाप नीटनेटका होता, कुणालाही आवडला असता. बहिणीने तो बाजूला सारला. लहानपणापासून आजीचा हात जसा पाहिला तसाच तिला हवा होता, सैल आणि वळणदार. तुम्हाला वाकड्या वाटल्या त्या रेघा अशा आल्या.

आता तो ठिपका. आजीचं लग्न ठरलं तेव्हा गोंदणारी बाई घरी आली होती. सुया एकत्र बांधून, काजळात बुडवून टोचायचं, ही तेव्हाची पद्धत. दोन आयाबायांनी पोरीला धरून ठेवलेलं. शेवटच्या ओळीला कळ सहन न होऊन तिने हात ओढला आणि सुई सरकली. ‘मी हात ओढला, म्हणून तो तिथं गेला,’ असं सांगताना आजी त्या ठिपक्यावर बोट ठेवून होती. बहिणीने मला एकच अट घातली होती की बाकी काही इकडेतिकडे झालं तरी चालेल, हा ठिपका जागचा हलता कामा नये. तुमच्या तक्रारीत नेमका तोच पहिला नजरेत भरलाय. मी स्टेन्सिल तीनदा पुसून पुन्हा लावली ती त्याच्याचसाठी.

आपल्याकडे जुन्या बायका म्हणतात की अंगावरचे दागिने शेवटी काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं. तुमच्या बहिणीचं त्यावर काय मत आहे हे मी विचारलं नाही. अर्थ कुणालाच विचारत नाही. वय, कातडीचा त्रास, औषधं, जागा, आकार, आदल्या रात्रीची दारू हे मात्र खोदून विचारते, आणि अठरा पूर्ण नसतील तर परत पाठवते. का गोंदवताय हे सांगावंसं वाटलं तर माणूस आपणहून सांगतो. शापोऱ्याच्या एका मासेमाराने दंडावर नुसते आकडे गोंदवून घेतले. बघणाऱ्याला तो गाडीचा नंबर वाटेल. वडिलांच्या होडीचा नंबर आहे तो, होडी विकून टाकलेली. त्याला ते कुणाला वाचून दाखवायचं नव्हतं, तरी काम पुरं झाल्यावर आरशासमोर तो बराच वेळ उभा राहिला. फूल किंवा नाव असलं तरच अर्थ असतो, हे मला पटत नाही. रस्त्यावरच्या माणसाला कळणं हा त्याचा निकषच नाही. ज्याच्या अंगावर गोंदण आहे त्याला ते रोज दिसतं, त्याच्यासाठीच ते असतं.

रंगाबद्दल. बहिणीने सुरुवातीला आजीसारखा हिरवट निळा मागितला, हे तुमचं बरोबर आहे. पण आजीच्या हातावरही काळं काजळच भरलंय. रंग वरच्या कातडीत नसतो, तिच्याखालच्या थरात असतो, आणि तिथला काळा वरून निळसर-हिरवट दिसू लागतो. वर्षानुवर्षं तो थोडा पसरतोही. आज हिरवी शाई भरली असती तर ती वेगळ्याच तऱ्हेने विटली असती. हे मी तिला समजावलं, आजीचा हात शेजारी ठेवून दाखवलं, आणि काळा तिने स्वतः निवडला. आजीची छटा तिच्या हातावर तिच्या वयाबरोबर येईल.

मशीनबद्दल. टॅटूच्या विजेवरच्या मशीनचं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायली यांनी १८९१ मध्ये घेतलं. त्याआधी जगभर हातानेच टोचायचे, आणि आजीचं गोंदणही हाताचंच. मशीनची रेघ एकसारखी पडते, इथे तीच नको होती. म्हणून एकेक ठिपका हाताने घेतला आणि दुपार गेली. सुई नवी, तिच्यासमोर पाकीट फोडलेली. पैसे या वेळेचे आणि छाप काढण्याचे आहेत. आकडा काम सुरू होण्याआधीच सांगितला होता. किनाऱ्यावर स्वस्तात होतं, तिथेही चांगले कारागीर आहेत, त्यांच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही.

एक गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. तुम्ही हात पाहिलात तो चौथ्या-पाचव्या दिवशी. त्या वेळी खपली सुटत असते, रेघ मध्येच फिकट, मध्येच गडद दिसते. पूर्ण बसायला महिनाभर तरी लागतो. तोवर समुद्रात उतरू नये, ऊन लागू देऊ नये आणि खपली नखाने काढू नये. बहीण हे सगळं पाळते आहे. तुम्हीही तिला आठवण करा, विशेषतः रविवारी सगळे मिरामारला जाल तेव्हा.

महिन्याभराने एखाद्या ठिकाणी रंग खरोखरच उडालेला असेल तर तो भरून द्यायचे पैसे आम्ही घेत नाही. सोमवार सोडून कधीही संध्याकाळी या. आजीच्या हाताचे दोन्ही छाप मी जपून ठेवलेत, तिने परवानगी दिलीय, तुम्हाला दाखवते. शुक्रवारी आलात तर आजी म्हापशाच्या बाजारात भाजी घेऊन बसते, तिचा खरा हातही बघता येईल. तारे तुम्ही वाढवावेत म्हणून हे लिहिलेलं नाही. रेघा सरळ करून द्या, ठिपका ओळीत आणा, एवढं मात्र सांगू नका. ते काम मी घेणार नाही.

देव बरें करूं.

स्टुडिओची मालकीण, म्हापसा