साडेअकरा रुपयांचा तगादा

महसुली वर्ष 1 ऑगस्ट ते 31 जुलै, पण आम्हा तलाठ्यांकडून शेतसाऱ्याची वसुली मात्र 31 मार्चच्या आत शंभर टक्के हवी! 8अ, म्हणजे जमिनीचा खाते उतारा, उघडावा तर एका खात्यावर सात नावं. दोघं कधीच वारलेले, वारसनोंद कुणी केलेलीच नाही. बाकीचे पुण्या-मुंबईला. फोन लावला की, "धाकट्याकडं मागा, भाऊसाहेब." मागणी किती? साडेअकरा रुपये! त्यासाठी जमीन महसूल, जिल्हा परिषदेचा उपकर, ग्रामपंचायतीचा उपकर असे वेगवेगळे रकाने भरून पावती फाडा, 8बला, म्हणजे वसुलीच्या नोंदवहीत, नोंद घ्या, चलन भरा. कार्बन सरकला की स्थळप्रत, म्हणजे आपल्याकडं राहणारी प्रत, कोरी, ते निराळंच. थकबाकीसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम 178ची मागणी नोटीस काढावी, तर मयताच्या नावची घेणार कोण? आणि आढावा बैठकीत एकच पालुपद, "टक्का किती झाला?"