पत्र्यापेक्षा लॅगिंगवाल्यांचं बघा

ॲस्बेस्टॉसच्या धोक्यावरचा हा लेख चांगला आहे पण सगळा भर घरावरच्या ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांवर दिलाय, ज्यांनी कारखान्यात वर्षानुवर्षं ॲस्बेस्टॉस हाताळलं त्यांच्याबद्दल दोनच ओळी. आमचे काका बडोद्यात बॉयलरच्या लॅगिंगवर (उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून कवच चढवायचं काम) होते, नाव नाही घेत कंपनीचं. पाइपांवर ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायची, जुनं कवच हातोडीनं फोडायचं, तोंडाला रुमाल, बस. घरी आले की काकू अंगणात कपडे झटकायच्या, म्हणजे ती धूळ त्यांच्याही नाकात गेलीच ना! रिटायर झाल्यावर दांडिया बाजारातला जिना चढताना धाप लागायला लागली, आधी टीबीची औषधं झाली, मग दमा म्हणाले, शेवटी एका छातीच्या डॉक्टरनं विचारलं "काम काय करत होतात?" आणि एचआरसीटी (छातीचा बारीक सीटी स्कॅन) काढला. तेव्हा ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा रोग, कळला. हा रोग 20-30 वर्षांनीही दिसतो आणि फुफ्फुसाला पडलेले व्रण परत जात नाहीत, त्यात बिडी असेल तर कॅन्सरचा धोका अजून कितीतरी वाढतो.

सुप्रीम कोर्टानं 1995 साली अहमदाबादच्याच ग्राहक संस्थेच्या केसमध्ये सांगितलंय की कामगाराचं हेल्थ रेकॉर्ड कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षं, जे नंतर संपेल तोपर्यंत ठेवायचं. आमच्या काकांचं मागायला गेलो तर म्हणे ते ठेकेदाराचे होते, आमच्या हजेरीपटावर नव्हतेच. घ्या आता! कोणाचे वडील-काका लॅगिंग, ब्रेक लायनिंग, पत्रा फॅक्टरीत असतील तर डॉक्टरला ते आपणहून सांगा, आणि जुनी पगारपावती, गेटपास काय सापडेल ते फेकू नका, भरपाईच्या अर्जाला तेच विचारतात.