तुम्हाला स्वतःला मूल आहे का?

आज भर सेमिनारमध्ये मला हा प्रश्न विचारला गेला. पीएचडीच्या प्रोग्रेस सेमिनारमध्ये, सगळ्या विभागासमोर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लग्न, मूल, स्थलांतर असले आयुष्यभराचे निर्णय माणसं कशी घेतात, त्यातून लोकसंख्या कशी बदलते आणि सरकारी धोरणांमुळे त्यात खरंच काही फरक पडतो का, हा माझा विषय. चार वर्षं झाली. आज पस्तीस मिनिटं बोलले. पद्धतीवर एक प्रश्न नाही, नमुन्यावर नाही, निष्कर्षांवर नाही. समितीतल्या एका सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अगदी प्रेमळपणे हे विचारलं. मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, "मग यातलं तुम्हाला कसं कळणार?"

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मुलगा मृत्युदरावर पीएचडी करतोय. त्याला अजून कोणी काही विचारलेलं नाही.

गाइड खाली मान घालून अहवालाची पानं उलटत बसले. त्यांच्यावर तर जास्तच राग आहे.

मला खरं तर त्या वेळी एकच गोष्ट आठवत होती. दोन वर्षांपूर्वी प्रश्नावली तयार झाली, तेव्हा पायलट, म्हणजे चाचणी म्हणून पहिल्या दोन प्रती घरीच भरल्या. मी एका खोलीत, नवरा दुसऱ्या खोलीत. अशा सर्वेक्षणांत एक ठरलेला प्रश्न असतो: येत्या तीन वर्षांत मूल व्हावं असा तुमचा विचार आहे का? पुढे चार चौकोन. नक्की नाही, बहुतेक नाही, बहुतेक हो, नक्की हो. त्याने 'बहुतेक हो'वर खूण केली, मी 'बहुतेक नाही'वर. दोन्ही कागद शेजारी ठेवून आम्ही खूप हसलो. तो म्हणाला, "आता सरासरी काढ." त्यानंतर त्यावर एक शब्द बोललो नाही. म्हणजे मुलाबद्दल बोललो, पण त्या दोन खुणांबद्दल नाही.

तर सर, मला हे असं कळतं.

आणि सरकारांना काय कळतं? रोमानियात 1966 साली एका हुकमाने गर्भपातावर जवळपास सरसकट बंदी आली. पुढच्या वर्षी जन्म जवळजवळ दुप्पट झाले. टाळ्या! मग लोकांनी चोरवाटा शोधल्या, आकडा काही वर्षांत परत घसरला आणि मधल्या काळात बेकायदा गर्भपातांत हजारो बायका मेल्या. हुकूम गेला 1989च्या डिसेंबरमध्ये, राजवटीबरोबर. सिंगापूरने 1972मध्ये सांगितलं, दोनवर थांबा. 1987मध्ये सांगितलं, परवडत असेल तर तीन किंवा जास्त होऊ द्या. पंधरा वर्षांत! ज्या मुलीने शाळेत पहिलं पोस्टर पाहिलं, तिच्याच संसाराच्या वेळी दुसरं लागलं. दक्षिण कोरियानेही आधी लोकांना थांबायला सांगितलं आणि नंतर मुलं व्हावीत म्हणून वर्षानुवर्षं पैसा ओतला. 2023मध्ये तिथला जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुलं, 0.72. लोकसंख्या टिकायला साधारण 2.1 लागतो.

माणसाच्या आत एक बटण आहे आणि ते बाहेरून दाबता येतं, असंच धोरण लिहिणाऱ्यांना वाटतं. आमच्या त्या चार चौकोनांतही तेच गृहीत धरलंय, हेही कबूल करते.

बरं, अगदीच फरक पडत नाही असंही नाही. स्वीडनने 1974मध्ये बाळंतपणाच्या रजेऐवजी आई-बाप दोघांनाही घेता येईल अशी पालक-रजा आणली. पुढे 80च्या दशकात नियम असे झाले की दुसरं मूल लवकर झालं तर रजेचा भत्ता कमी होत नाही. बायकांनी खरंच दोन मुलांमधलं अंतर कमी केलं. 1990मध्ये दर 2.1 झाला. ठीक आहे, मानलं. पण 1999मध्ये तोच दर 1.5 होता, कारण मंदी आली, नोकऱ्या गेल्या. आणि अंतर कमी करणं म्हणजे जी मुलं होणारच होती ती थोडी आधी होणं. तेवढी ती वाढ फुगवलेली.

मुलाखतींत मी प्रत्येकीला विचारते, तुम्ही कधी ठरवलंत? बहुतेक जणी गोंधळतात. एक बाई बराच वेळ गप्प बसल्या, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मग म्हणाल्या, "ठरवलं असं नाही हो. थांबत गेलो." माझा अख्खा प्रबंध या दोन वाक्यांच्या आत आहे. नोकरी कायम होऊ दे, घर होऊ दे, आईचं ऑपरेशन होऊ दे. 'नाही' कोणी म्हणतच नाही. 'आत्ता नको' म्हणत राहतात, आणि सरकारी तक्त्यात त्याचा 'नाही' होतो. हे ढकलणं मोजायचं कसं, यावर माझं चौथं प्रकरण आहे. सरांनी ते वाचलेलं नाही, हे पैजेवर सांगते.

हं, एक मात्र आहे. काही गोष्टी त्यातून गेल्याशिवाय कळत नाहीत, हे सरांचं म्हणणं अगदीच चूक नसेल. पण ते सेमिनारमध्ये नाही विचारायचं. आणि बाईलाच नाही विचारायचं.

घरी आल्यावर फायलीतून तो कागद काढला. इतक्या दिवसांत एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. 'बहुतेक हो'च्या चौकोनात खोडरबराचा डाग आहे. मी आधी तिथेच खूण केली होती. मग मनातल्या मनात हिशोब केला, फील्डवर्क कधी संपेल, फेलोशिप कधी संपते, सबमिशन कधी, तेव्हा माझं वय काय. आणि पुसून एक घर मागे सरकले. लोक निर्णय का पुढे ढकलतात यावर प्रबंध लिहायचाय, म्हणून.

हे लिहिता लिहिता मघाचा राग कुठे गेला कळत नाही. सरांवरचा तरी. गाइडवरचा आहे अजून.

त्या तीन वर्षांची मुदत येत्या मार्चमध्ये संपतेय. मघाशी नवऱ्याला कागद दाखवला, डागासकट. तो बराच वेळ बघत राहिला. मी विचारलं, आज भरायचा असता तर कुठे खूण केली असतीस? म्हणाला, "आधी तू सांग. आणि या वेळी पेनने."