खुलासा : सर्क्युलर सॉचे गार्ड पाचर मारून उघडे ठेवणे सुरक्षित नाही
सुतारकाम करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये सध्या असा सल्ला फिरत आहे की, हातात धरून चालवायच्या सर्क्युलर सॉचे (गोल पात्याच्या विजेवरील करवतीचे) खालचे गार्ड, म्हणजे आपोआप मिटून पाते झाकणारे झाकण, लाकडी पाचर मारून उघडे ठेवल्यास काम भरभर होते आणि बटण सोडताच पाते थांबत असल्याने धोकाही नसतो. हे साफ चुकीचे आहे. ७ इंची पाते मिनिटाला सुमारे ५००० फेरे घेते आणि यंत्राला ब्रेक नसेल, तर बटण सोडल्यावरही ते काही सेकंद फिरत राहते. नेमके याच वेळी यंत्र मांडीजवळ येते किंवा जमिनीवर टेकवले जाते. स्प्रिंगचे गार्ड असते ते याच क्षणांसाठी. शिवाय पात्याचे दात पुढच्या बाजूला खालून वर फिरतात, त्यामुळे प्लायच्या चिरेत पाते आवळले गेले, तर यंत्र उसळून चालवणाऱ्याच्याच अंगावर येते. गार्ड अडकत असेल, तर आधी प्लग काढावा, आत साचलेला भुसा आणि डिंक साफ करावा व हाताने उघडून सोडल्यावर गार्ड खटकन मिटते का, हे पाहावे. मिटत नसेल, तर दुरुस्ती होईपर्यंत ते यंत्र कोणाच्याही, विशेषतः शिकाऊ कारागिराच्या, हाती देऊ नये, ही कळकळीची विनंती.