रताळू एक किलो

आमची सौ. सूरतची. मूळ धुळ्याकडचंच घराणं, पण वडील लूमवर कामाला उधन्याला गेले आणि तिथलेच झाले. त्यामुळे आमच्या नंदुरबारच्या घरात संक्रांतीला तिळगुळाच्या शेजारी उंधियूही शिजतो, आणि त्याच्या सामानाची चिठ्ठी घेऊन मी बाजारात हिंडतो.

यंदाच्या चिठ्ठीत शेवटी होतं : रताळू एक किलो. आता रताळू कुणाला कळत नाही? गुलाबी सालीची, माती लागलेली, एकसारखी बघून निवडून आणली. वर दोन फुकट मिळवली, त्या खुशीत घरी आलो.

सौ.नं पिशवी ओट्यावर ओतली. "हे तर शक्करियां."

"हेच रताळू."

"तुमच्याकडे."

लग्नाला चौदा वर्षं झाली, हा 'तुमच्याकडे' काही संपत नाही. तेवढ्यात माय दारातून म्हणाली, "हाई रतायंच शे ना वो!" (आमच्याकडे ळ फार काळ टिकत नाही. केळीची केयी होते, जळगावचं जयगाव.) मायची साक्ष कुणी नोंदवून घेतली नाही. मी पुन्हा बाजारात.

भाजीवाल्या मावशीनं पोत्याखालून एक प्रकरण काढलं. बाहेरून अस्वलाचा पंजा, केसांसकट. सुरी लावली तर आत दौतीतली जांभळी शाई. "कोनफळ म्हना ना मंग! गुजराती गिऱ्हाईक त्यालेच रताळू म्हनतं."

रात्री पाय चोळत शब्दकोश काढला. खरा चोर सापडला : बटाटा.

संस्कृतात आलु म्हणजे कंद. लाल तो रक्तालु, त्याचंच रताळू. बटाट्याचा तेव्हा इथे पत्ताही नव्हता. तिकडे कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक 'बटाटा' म्हणायचे ते आपल्या गोड रताळ्याला! ज्याला आपण आज बटाटा म्हणतो तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातला, आणि तिथल्या केचुआ भाषेत त्याचं नाव 'पापा'. युरोपातल्या मंडळींनी दोघांची गल्लत केली आणि रताळ्याचं नाव पापाला चिकटलं. पोर्तुगिजांबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर उतरलं. बिचाऱ्या रताळ्यानं मग आपल्याकडे रक्तालूचं नाव घातलं. गुजरातीत मात्र ते कोनफळाकडेच राहिलं. हिंदीवाल्यांनी तर 'आलू'सुद्धा बटाट्यालाच देऊन टाकलं. एका भाडेकरूनं दोन घरं बळकावली! इंग्रजीत मूळ मालकाला आता 'गोड बटाटा' म्हणतात, म्हणजे चोराच्याच नावानं हाक.

फारसीतला आलू आणखी निराळा. तो फळ, त्याचा कंदाशी संबंध नाही. पिवळा तो जर्दाळू, बुखाऱ्याचा तो आलूबुखारा.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी सौ.ला सांगितलं. मेथीच्या मुठिया वळता वळता तिनं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "हं. मीठ बघा जरा."

परवा पुन्हा बाजारात उभा होतो. चिरंजीव इंग्रजी माध्यमातले. आईचा निरोप त्यांनी फोनवर पाठवला, इंग्रजी अक्षरांत : ए, एल, यू. अर्धा किलो. डाव्या हाताला अळूच्या जुड्या, उजव्या हाताला बटाट्यांचा ढीग, समोर सुक्या मेव्याचं दुकान.

फोन लावला. कुणी उचलला नाही.

मी तिन्ही घेतले.