'परत तोच पंच खाल्ला' म्हणून हसणाऱ्यांसाठी

सकाळी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक क्लिप आली. जुन्या बॉक्सिंग मॅचमधली, जो फ्रेझरचा लेफ्ट हुक, म्हणजे डाव्या हाताचा वळवून मारलेला पंच बसतो आणि मोहम्मद अली पाठीवर. खाली लिहिलंय, 'ग्रेटेस्ट म्हणे, दरवेळी तोच पंच खातो', आणि त्याखाली हसणाऱ्या इमोजींची ही लाइन. दिवसभर डोकं फिरलंय माझं.

हो, तोच पंच होता, ते खरंय. १९६२ ला सॉनी बँक्सने पहिल्याच राउंडला पाडलं, १९६३ ला वेम्बलीत हेन्री कूपरने चौथ्या राउंडच्या शेवटी, आणि ८ मार्च १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझरने पंधराव्या राउंडला. तिन्ही वेळा लेफ्ट हुक. पण का, हे त्या हसणाऱ्यांपैकी एकाने तरी बघितलंय का? अली हात खाली ठेवायचा आणि पंच आला की डोकं सरळ मागे घ्यायचा, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, नाकासमोर येऊन संपायचा, समोरचा हवेत मारून मारून दमायचा. ज्या सवयीवर तो जगाला नाचवत होता त्याच सवयीत ही फट होती, कारण हुक सरळ येत नाही, बाजूने वळून येतो, आणि उजवा हात गालाशी नसला की जबडा उघडाच. फ्रेझरच्या टीममधल्या एडी फचने तर आधीच हेरलं होतं की अली अपरकट, म्हणजे खालून वर येणारा पंच, मारायला उजवा हात खाली नेतो, तेव्हाच हुक टाकायचा. म्हणजे समोरच्यांनी अभ्यास करून शोधलेली गोष्ट आहे ती, आणि आपण सोफ्यावर बसून म्हणायचं, एवढं पण कळत नाही का याला.

मला राग अलीसाठी कमी आणि माझ्या भावासाठी जास्त येतोय, हे लिहिता लिहिता लक्षात येतंय.

आमचा धाकटा अकोल्यात बॉक्सिंग करायचा. त्याचा जॅब बघत राहावा असा होता. पण मारून झाला की डावा हात गालाकडे परत यायच्या ऐवजी छातीपर्यंत उतरायचा आणि समोरच्याचा राइट क्रॉस, म्हणजे उजव्या हाताचा सरळ पंच, वरून घुसायचा. हे त्याला माहीत नव्हतं का? रात्री जेवण झाल्यावर पडवीत हनुवटीखाली टेनिस बॉल दाबून शॅडो, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत पंच मारायचा सराव करायचा, प्रत्येक जॅबनंतर ग्लोव्ह गालाला टेकवायचा, टप टप आवाज यायचा, आई ओरडायची की शेजारी झोपलेत. पडवीत एकदाही हात खाली यायचा नाही. मॅचमध्ये दुसऱ्या राउंडला श्वास फुलला, खांदे जड झाले की यायचाच.

एका राज्य स्पर्धेत तो असाच हरला. पुढे घरच्या एका लग्नात पंगतीत बसलेला असताना नात्यातल्याच एकाने सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, तेवढा एक हात वर धरता येत नाही होय?" सगळे हसले. तो मान खाली घालून भात कालवत राहिला. मी वाढत होते, हातात वरणाचं भांडं होतं. काहीच बोलले नाही कारण पाहुणे होते. आज बोलतेय.

भावाची हीच फट अमेरिकन बॉक्सर जो लुईसमध्ये होती. जॅबनंतर त्याचा डावा हात खाली येतो हे जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याच्या फाइटच्या फिल्म्स बघून पकडलं आणि १९३६ ला यांकी स्टेडियममध्ये राइट मारून मारून बाराव्या राउंडला त्याला झोपवलं. १९३८ ला लुईसने त्याच श्मेलिंगला पहिल्याच राउंडला संपवलं, म्हणजे माणूस काहीच शिकला नव्हता असं कोण म्हणेल? तरी १९४७ ला जर्सी जो वॉलकॉटने त्याला दोनदा खाली पाडलं, आणि राइटनेच. तोवर तो दहा वर्षं चॅम्पियन होता! आता तुम्ही म्हणाल मेहनतीने फरक पडतोच. पडतो. माझ्या भावाचाही हात नंतर नंतर कमी उतरायचा. पण शरीराला एकदा लागलेलं वळण थकल्यावर वर येतंच, आणि जिंकत असताना ते कुणी मनावर घेत नाही. भाऊ जिंकला की जॅबचं कौतुक, हरला की हाताचा उद्धार, माणसं तीच.

चिडून लिहायला घेतलं होतं, आता जरा शांत झालेय. ग्रुपवर ज्याने क्लिप टाकली तो वाईट नाही, कधी रिंगसमोर बसला नसेल इतकंच. त्याने एकदा तो पंधरावा राउंड पूर्ण बघावा. अली पडला, लगेच उठला, सुजलेल्या जबड्याने शेवटच्या घंटेपर्यंत लढला. हरला, पण क्लिप टाकणाऱ्याने त्याचं उठणं कापून टाकलंय.

आणि तुमच्यापैकी कुणाची पोरं यंदा स्पर्धेला उतरणार असतील तर माझं एवढं ऐका, मॅच झाल्यावर गाडीत बसल्या बसल्या हाताचा विषय काढू नका. त्याला माहितीये. सर उद्या प्रॅक्टिसला सांगतीलच. आधी जेवलास का विचारा.