बावीस पूर्णांक एकोणचाळीस

डोळ्याचीही सोनोग्राफी असते, हे मला परवा प्रोब डोळ्यावर टेकला तेव्हा कळलं. मोतीबिंदू इतका पिकलाय की प्रकाशाने मोजणाऱ्या मशीनला पलीकडचं काही दिसेना, म्हणून आवाजाने मोजणारं आणलं. बधिर करणारे थेंब, हनुवटी वर, "लाल दिव्याकडे बघा". हा दिवा प्रोबच्याच टोकाला असतो आणि सरळ तुमच्याकडे चालत येतो. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याकडे बघत उभं राहायचं, आणि वर पापणी लववायची नाही.

"हलू नका," ताई म्हणाल्या. मी हललो नव्हतो, त्यांचा हात हलला होता. पण बुबुळावर प्रोब टेकलेला असताना वाद घालू नये, एवढी अक्कल मला आहे.

शेजारच्या खुर्चीत एक काका थेंब घालून डोळे मिटून बसले होते. कान मात्र सताड उघडे. ताई पुटपुटल्या, "बावीस एकोणचाळीस."

"फक्त?" काका म्हणाले. "माझा सव्वीस दहा आला."

"सव्वीस काय?"

"मिलिमीटर. डोळ्याची लांबी. आमच्या घराण्यात सगळ्यांचेच डोळे मोठे. वडिलांचा कधी मोजला नाही, पण असणारच." मग आवाज खाली आणून, "लहानपणी नीट खाल्लं नसेल तुम्ही."

अहो, डोळा सरासरी साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असतो! जास्त लांब असला की दूरचं धूसर दिसतं आणि मायनस नंबर लागतो. काकांच्या मांडीवरच्या चष्म्याची काच बाटलीच्या बुडासारखी होती. पण हे सांगणार कसं? तोंड उघडलं की डोळा हलतो.

"व्यायामाने वाढत असेल," काका म्हणाले. "विचारून बघा."

दुसऱ्यांदा मोजला तर बावीस एकाहत्तर. तिसऱ्यांदा बावीस पन्नास. अर्ध्या मिनिटात माझा डोळा वाढला आणि आक्रसला. खरं तर आवाजाची काही चूक नाही. तो डोळ्यातून सेकंदाला सरासरी १५५० मीटर वेगाने जातो, मागच्या पडद्यावर आपटून परततो आणि लागलेल्या वेळावरून लांबी निघते. पण प्रोब जरा जोरात दाबला की बुबुळ आत जातं आणि डोळा आखूड भरतो. मोतीबिंदू काढून आत बसवायच्या भिंगाचा नंबर या लांबीवरूनच ठरतो, त्यामुळे १ मिलिमीटरची चूक म्हणजे ऑपरेशननंतर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकला. म्हणजे दाब ताईंचा आणि चष्मा माझा.

हे सगळं मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. डोळ्यावर छोटी वाटी बसवून, तीत पाणी भरून, बुबुळाला न शिवताही मोजता येतं म्हणे. मग तसं का नाही मोजलं? "वेळ लागतो." डोळ्यासाठी अल्ट्रासाऊंड १९५६ सालापासून वापरतात. आणि माझ्यासाठी पाच मिनिटं नाहीत! मी तिथे सकाळपासून दीड तास बसलो होतो, तो वेळ कुणाचा होता?

शेवटी डॉक्टरांनी स्वतः, हलक्या हाताने मोजला. बावीस अठ्ठ्याहत्तर.

"वाढला की!" काका मनापासून खूश झाले. "आता दुसरा डोळा. उरलेलं त्यात भरून काढा."